सापसंद, किडामारी आणि त्यांची भावकी



माझे नाव पत्रिकेत वाचून काही मंडळी किमान वेतन, माथाडी कायदा किंवा बोनस यांपैकी काहीतरी ऐकायला मिळणार या समजुतीने आली असतील. त्यांची थोडी निराशा होणार आहे. आज मी चार-पाच वेलींविषयी बोलणार आहे. त्या एकाच कुळातल्या आहेत, दिसायला एकमेकींसारख्या भासतात, आणि त्यांतली कोणती कोण हे न कळल्यामुळे माणसे मेली आहेत. तेव्हा विषय अगदीच फुलापानांचा आहे असे समजू नये.

मी वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तारखेला गेलेला माणूस सकाळी अकराला जातो आणि दुपारी चारला पुढची तारीख घेऊन परततो. मधल्या वेळात काय करायचे? चहा तरी किती पिणार? त्या आवारातल्या कुंपणावर एक वेल होती. तिला बदकाच्या आकाराच्या कळ्या येत. तिचे नाव शोधता शोधता थिओडोर कूक यांचा ग्रंथ हाती लागला. हे कूकसाहेब पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. इंग्रजी यथातथाच असल्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन एकेक ओळ लावावी लागे. पण त्या ग्रंथाची एक गोष्ट मला फार आवडली. त्यात प्रत्येक झाडाची ओळख त्याच्या अंगावर जे दिसते त्यावरूनच पटवलेली असते. कोणी काय सांगितले यावर काही नसते.

आमच्या संघटनेच्या कामातही हाच प्रश्न रोज येतो. हजेरीपटावर तीन मारुती असतात. तिघांची आडनावेही एकच. पगाराच्या दिवशी नुसते ‘मारुती’ म्हणून पैसे वाटले तर दंगल होईल. म्हणून बापाचे नाव, गाव, बिल्ल्याचा नंबर, अंगठा असे सगळे पाहावे लागते. झाडांच्या बाबतीत मात्र आपण नुसते ‘मारुती’ म्हणून पुड्या विकत घेतो आणि घोटून पितो.

आता हा विषय मला का घ्यावासा वाटला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीच्या एका टोळीत कोपीबाहेर रात्री झोपलेल्या एका तरुणाला साप चावला. साप घोणस होता, तो मारलेला होता म्हणून ओळख पटली. टोळीतल्या एका जाणत्या माणसाकडे ‘सापसंदाचे मूळ’ होते. ते उगाळून त्याला पाजले, थोडे जखमेवर लावले, आणि गुण येतो का हे पाहत सगळे बसले. तीन तास गेले. मग बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणि तिथून जीपने ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याच्या गावी. पोरगा वाचला. पण मूत्रपिंडे बंद पडली होती, काही आठवडे यंत्रावर रक्त धुवावे लागले. हंगाम बुडाला आणि मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या डोक्यावर तशीच राहिली. मूत्रपिंडे घोणशीच्या विषाने बिघडली असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते बरोबरच होते. ज्या मुळावर विसंबून ते तीन तास घालवले ते मूळ कशाचे होते, हा प्रश्न मात्र टोळीत कोणी विचारला नव्हता. मी तो तुकडा मागून घेतला. बोटाएवढे वाळलेले लाकूड. त्यावरून सापसंद म्हणा, आणखी काही म्हणा, कूकसाहेब असते तरी त्यांना सांगता आले नसते.

तर आता ही भावकी. शास्त्रीय नाव ॲरिस्टोलोकिया. जगात हिच्या सुमारे पाचशे जाती आहेत. बहुतेक उष्ण प्रदेशात, काही युरोपात. या कुळातल्या फुलाला आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो तशा पाकळ्या नसतातच. एकच नळी असते. तळाशी फुगा, मध्ये बारीक मान, वर तोंड, आणि तोंडाला जिभेसारखा किंवा ताटासारखा पसरलेला ओठ. जुन्या साहेबांच्या फोटोत ओठांत धरलेला वाकडा तंबाखूचा पाइप आठवा, तोच आकार. म्हणून इंग्रजीत हिला पाइपाची वेल म्हणतात. पाने एकाआड एक, त्यांच्या मुख्य शिरा बुडातूनच पंजासारख्या निघतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. आणि फळ म्हणजे सहा फाकांचे बोंड. ते वाळले की आपल्याकडच्या जाती देठाच्या बाजूने उकलतात. फाकांबरोबर देठही सहा धाग्यांत चिरला जातो, आणि ते सगळे उलट्या छत्रीसारखे, किंवा आपल्या भाषेत सांगायचे तर आढ्याला टांगलेल्या शिंक्यासारखे लोंबते. पानांच्या गर्दीत फूल सापडले नाही तरी उन्हाळ्यात कुंपणावर असे वाळलेले इवलेसे शिंके दिसले, तर या भावकीतले कोणीतरी इथे राहते हे नक्की समजावे.

सापसंद, म्हणजे ॲरिस्टोलोकिया इंडिका. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले. हिलाच सापसन, ईश्वरी म्हणतात आणि मुळाला ईश्वरमूळ. ही खरी वेल आहे. बुडाशी लाकूड झालेली, वर बारीक दोरीसारखी झाडाला किंवा तारेला पिळे घालीत चढणारी. हिच्या पानाने नवशिक्याला फार फसवावे. एकाच वेलीवर एक पान लांबट, दुसरे टोकाकडे रुंद, तिसरे मधोमध डमरूसारखे आवळलेले. तेव्हा पानाच्या आकारावर भिस्त ठेवू नये, पानाच्या बुडाकडे पाहावे. सापसंदाचे पान देठाकडे निमुळते किंवा गोलसर येते, फार तर किंचित खाच असते, हृदयासारखे खोल खोबण नसते. फुले बगलेत तुऱ्याने, थोडीथोडी, फिकट हिरवी आणि ओठ जांभळट. एकंदर फूल बोटाच्या दोन पेरांएवढे. बोंड लिंबाएवढे, जरा लांबट. आत चपटे, तिकोनी, पंख असलेले बी.

किडामारी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा. जुन्या ग्रंथांत हिचे नाव ब्रॅक्टिआटा असे आहे, तेव्हा पुस्तकात शोधताना घोटाळू नये. कुठे हिला गंधाटी म्हणतात, आणि वास घेतल्यावर नाव का पडले ते विचारावे लागत नाही. जनावराच्या जखमेत किडे पडले की हिच्या पाल्याचा रस पिळायचा अशी जुनी रीत, त्यावरून किडामारी. ही आपल्या देशावरची, काळ्या रानातली. पण ती चढत नाही! जमिनीलगत पसरते. खुरपणीच्या बायांना ही बरोबर ठाऊक असते. हाताला लागलेला कडूपणा भाकरी खाताना तोंडात येतो म्हणून त्या हिला शिव्या देतात. पान रुंद, मूत्रपिंडाच्या किंवा घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे, बुडाशी चांगली रुंद खाच, कडा किंचित लाटदार, खालची बाजू पांढुरकी. फूल बगलेत एकटेच येते आणि त्याचा ओठ गडद जांभळा, जवळजवळ काळा. पण खरी खूण वेगळीच आहे. फुलाच्या देठाच्या बुडाशी एक लहान गोलसर पान असते, स्वतःचा देठ नसलेले. त्याला शास्त्रात छद म्हणतात. ‘ब्रॅक्टिओलाटा’ या लॅटिन नावाचा अर्थच छदवाली. म्हणजे ज्याने नाव ठेवले त्याने ओळखपत्र नावातच शिवून ठेवले. सापसंदाच्या फुलाखाली असे डोळ्यांत भरणारे गोल पान नसते.

पसरते की चढते, फूल एकटे की तुऱ्यात, खाली गोल पान आहे की नाही, या तीन प्रश्नांत या दोघी जावा वेगळ्या होतात. उत्तरे हातातल्या जिवंत फांदीवरच मिळतात.

तिसरी बदकवेल, बागेतली. ही परदेशची. दक्षिण अमेरिकेतून, ब्राझीलकडून जगभर बागांत गेली. शास्त्रीय नाव लिटोरॅलिस, बागवानांच्या पुस्तकांत अजून एलिगन्स. हिचे फूल लांब देठावर खाली लोंबते आणि ओठ ताटलीसारखा पसरतो. पांढऱ्यावर तपकिरी-जांभळी नक्षी, छापील छिटासारखी. न्यायालयाच्या कुंपणावरची ती हीच. हिच्या आणखी एकदोन मोठ्या फुलांच्या बहिणींनाही लोक बदकवेलच म्हणतात. एवढे मोठे, चित्रविचित्र फूल दिसले तर ते आपल्या रानातले नाही, एवढे पक्के धरून चालावे.

चौथी दक्षिणेकडच्या सह्याद्रीच्या आणि ईशान्य भारताच्या ओल्या रानांतली. जुने नाव टागाला, आताचे ॲक्युमिनाटा. पाने मोठी, वीतभर लांब, बुडाशी खोल हृदयाकृती आणि टोकाला निमुळती शेपटी. याच कुळात थॉटिया नावाचे एक झुडूपही आहे. ते वेल नाहीच, सरळ उभे राहते आणि त्याला लांब बारीक चौधारी शेंग येते. घाटातल्या सावलीत फिरणाऱ्यांनी ते पाहावे, आपल्या आजच्या कामाला ते फारसे लागत नाही.

आता फुलाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या वाकड्या नळीच्या मानेत आत वळलेले केस असतात. वासाने भुललेली बारीक माशी ओठावर बसते, घसरत आत जाते, आणि केसांमुळे तिला मागे फिरता येत नाही. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यात मासा आत जातो आणि काड्यांची टोके त्याला परत येऊ देत नाहीत, तशीच रचना. पहिल्या पाळीत फुलाचा स्त्रीभाग तयार असतो. दुसऱ्या फुलातून माशीने अंगावर आणलेले पराग तिथे लागतात. मग पुंकेसर फुटतात, माशीच्या अंगावर नवे पराग पडतात, केस कोमेजतात आणि दरवाजा मोकळा होतो. मी याला टाळेबंदीच म्हणतो, पण आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या टाळेबंद्यांत ही एकच अशी आहे की ठरल्या वेळी उठते आणि कामगार धडधाकट बाहेर येतो. बाहेर येऊन तो पुन्हा दुसऱ्या फुलात शिरतो ही गोष्ट वेगळी. त्याची संघटना नाही!

असो. नावाकडे वळू. ॲरिस्टोलोकिया हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ ‘बाळंतपणाला उत्तम’. युरोपात दोन हजार वर्षे या मुळ्या बाळंतिणींना दिल्या जात. फुलाचा आकार गर्भाशयासारखा, म्हणून औषध त्या अवयवाचे, असा तो हिशेब. आपल्याकडे मूळ सापासारखे वळलेले म्हणून सापावर, हाही त्यातलाच प्रकार वाटतो. पण या जुन्या लोकांना सरसकट अडाणी म्हणू नये. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने या वनस्पतीचे गोल मुळाची, लांब मुळाची आणि वेलीसारखी असे तीन प्रकार वेगळे करून लिहून ठेवले. म्हणजे ही भावकी निवडण्याचे काम एकोणीसशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. औषध चुकले, पण वर्गवारीची गरज त्याला कळली होती. ती विसाव्या शतकातल्या बेल्जममध्ये विसरली गेली.

त्याची हकिगत अशी. ब्रुसेल्स शहरात वजन उतरवण्याचा एक दवाखाना होता. १९९० साली तिथल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात झाली. त्यांतली एक ‘हान फांग जी’ असायची होती, म्हणजे स्टेफानिया नावाची वेल. ती आपल्या गुळवेलीच्या कुळातली. प्रत्यक्षात पुड्यांत आली ‘ग्वांग फांग जी’, म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची. नावात एवढाच फरक. व्यापारात दोन्हींना नुसते ‘फांग जी’ म्हणत. पुन्हा तेच, तीन मारुती! १९९२ साली तरुण बायका मूत्रपिंडे निकामी होऊन डॉक्टरांकडे येऊ लागल्या. १९९३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत पहिला अहवाल आला, पुढे शंभरावर बाधित बायका निघाल्या. गोष्ट तिथे थांबली नाही. ज्यांची मूत्रपिंडे गेली होती अशा ३९ जणींची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका काढून तपासल्या, तेव्हा १८ जणींत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. हा अहवाल २००० सालचा.

मला या प्रकरणातली एक गोष्ट विशेष बोचते. स्टेफानिया आणि ॲरिस्टोलोकिया या वेली जिवंत असताना शाळकरी पोरही वेगळ्या करील. स्टेफानियाचे पान छत्रीसारखे असते, देठ पानाच्या कडेला न जुळता आतल्या अंगाला जुळतो, आपल्या पहाडवेलीत असतो तसा. पण व्यापारात पान येत नाही, फूल येत नाही. मुळाच्या वाळलेल्या चकत्या येतात, त्यांची पूड होते, पुडीची गोळी होते. प्रत्येक टप्प्यावर ओळखीची एकेक खूण गळत जाते आणि किंमत मात्र वाढत जाते. शेवटी जिच्या घशात गोळी जाते तिच्या हातात पडताळायला काहीच उरत नाही.

दुसरी हकिगत डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठची. क्रोएशिया, बॉस्निया, सर्बिया, बल्गेरिया, रुमानिया या देशांतली काही ठराविक खेडी. एका गावात मूत्रपिंडाचा रोग, शेजारच्या गावात नाही. एका घरात सासू, मग सून, मग मुलगा. रोगाची पहिली वर्णने १९५०च्या दशकात आली. सासू आणि सुनेचे रक्त एक नाही, पण पीठ एक. पाण्यावर संशय घेतला, दगडी कोळशावर घेतला, धान्यावरच्या बुरशीवर घेतला. गव्हाच्या शेतांत ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटिटिस या जातीचे तण फार. हात-दोन हात उभे वाढणारे, हृदयाकृती पानांचे, बगलेत पिवळ्या फुलांचे झुबके. गहू पिकतो त्याच सुमाराला तिचे बी पिकते, कापणीत गव्हाबरोबर येते आणि दळणात जाते. हे १९६९ साली इविच नावाच्या संशोधकाने मांडले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००७ साली अमेरिकन आणि क्रोएशियन संशोधकांनी रोग्यांच्या मूत्रपिंडांच्या पेशींत या वनस्पतीच्या विषाचे ठसे शोधून काढले आणि तिढा सुटला.

त्या विषाचे नाव ॲरिस्टोलोकिक आम्ल. ते पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याला चिकटते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. खाणे बंद केल्यावरही ठसा पुसत नाही. त्या द्रव्याच्या अक्षरांत ते एक ठराविक प्रकारची चूक करते, आणि त्या चुकीवरून कर्करोगाच्या गाठीत हे विष कारणीभूत आहे की नाही हे आता सांगता येते. काढा केला, उकळले, म्हणून ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीला बसवले. आणि हे आम्ल आपल्या सापसंदात आहे, किडामारीतही आहे.

बाल्कनच्या खेड्यांची गोष्ट ऐकून कोणी लगेच आपल्या ज्वारीकडे संशयाने पाहू नये. आपण ज्वारीची कणसे वेगळी खुडतो आणि धान्य पाखडून, निवडून घेतो. नुसत्या साम्यावरून निष्कर्ष काढणे हे काही शास्त्र नव्हे. पण त्या गोष्टीत एक गोष्ट कामगाराच्या नजरेतून सुटत नाही. ज्यांनी स्वतःच्या शेतातला गहू स्वतः खाल्ला तेच मेले. शहरात चाळून, साफ करून आलेल्या पिठाचा पाव खाणारे वाचले. आमच्या संसारात सूप आणि चाळणी धरणाऱ्या बाईच्या कामाला मजुरीच्या हिशेबात कधी कोणी एक पैसाही लावलेला मी पाहिलेला नाही.

आता सापाकडे परत येतो, कारण इथे गैरसमज नको. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडाला इजा होते. ॲरिस्टोलोकिक आम्लानेही होते. म्हणजे ज्या अवयवावर साप घाव घालतो त्याच अवयवावर आपण औषध म्हणून दुसरा घाव घालतो. एकदा चमचाभर उगाळून प्यायल्याने मूत्रपिंड लगेच जाते असे मी म्हणत नाही. हे विष साठत जाणारे आहे, आणि महिनोन्‌महिने ‘रक्तशुद्धी’साठी, अंगदुखीसाठी, बाईच्या पाळीसाठी ही मुळे घेणाऱ्याला धोका अधिक. सापाच्या बाबतीत खरा घात वेळेचा होतो. साप चावून आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. यांतली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते. घोड्याच्या रक्तातून ते तयार करतात, आणि ते दवाखान्यात असते, मुळात नसते. म्हणून आमच्या टोळ्यांना आम्ही हंगामाच्या पहिल्या सभेतच सांगतो की चावलेला अवयव हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, १०८ला फोन करा. आणि ते मूळ जाणत्याच्या बटव्यात राहू दे. त्याचा अपमान करायचा नाही. तो माणूस रात्री दोन वाजता हाकेला धावून येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच्या धावण्याचा उपयोग गाडी आणायला व्हावा.

शहरातल्या मंडळींसाठी आणखी एक सावधगिरी. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ साली घरोघर काढे झाले आणि कुंपणावरच्या हृदयाकृती पानांच्या वेली लोकांनी ओरबाडून आणल्या. हृदयाकृती पान म्हणजे गुळवेल, एवढीच पुष्कळांची ओळख. पण तसे पान पहाडवेलीचेही असते, बदकवेलीचे आणि टागालाचेही. गुळवेलीच्या जाड खोडावर पुळ्यांसारखे उंचवटे असतात, कागदासारखी साल सुटते, वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात. पानाच्या देठाला दोन्ही टोकांशी थोडी सूज असते. फळे वाटाण्याएवढी, लाल, रसाळ. पाइपासारखे फूल किंवा शिंक्यासारखे बोंड गुळवेलीला जन्मात येणार नाही. आणि सर्पगंधा वेगळीच. ती वेल नाही, लहान झुडूप आहे. तिची पाने एकाच सांध्यावर तिनातिनाने येतात, आणि रक्तदाबाच्या औषधासाठी ती प्रसिद्ध आहे. सापसंद आणि सर्पगंधा यांत सापाच्या नावापलीकडे काही नाते नाही. बाजारात कोणी ‘सापाचे मूळ, बीपीवर चालते’ म्हणून पुडी पुढे केली तर त्याला एकच विचारावे, याचे पान दाखव. पान दाखवता येत नसेल तर पैसे देऊ नयेत.

इतके ऐकल्यावर कोणी उद्या कोयता घेऊन सापसंद उपटायला निघेल, म्हणून घाईने सांगतो, तसे करू नका. ही वेल न खाणाऱ्याला काही करीत नाही. शिवाय तिच्यावर जगणारी मंडळी आहेत. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही तांबड्या अंगाची फुलपाखरे या भावकीवरच अंडी घालतात. सुरवंट पाला खातो, ते विष अंगात साठवतो आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते त्याच्या अंगात राहते. पाखरे एकदा चोच मारून शहाणी होतात. तुमच्या दारच्या लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या झाडावर वाढणारे कॉमन मॉर्मन नावाचे फुलपाखरू आहे. त्याच्या माद्यांपैकी काही या विषारी फुलपाखरांचा वेष घेऊन हिंडतात. अंगात विष नाही, वेष मात्र विषाचा. आमच्याकडे निवडणुकीच्या दिवसांत असे बरेच दिसतात.

फुलपाखराची मादी पानावर पायांनी टकटक करते, चव घेते आणि मगच अंडी घालते. म्हणजे ओळख पटवण्यात ती आपल्यापेक्षा पुढे. पण तीही फसते. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचे एक भव्य फुलपाखरू आहे. बागांतून ब्राझीलची बदकवेल रानात पसरली. तिची चव मादीला आपल्याच वेलीसारखी लागली, तिने तिथे अंडी घातली, आणि ते पान सुरवंटांना पचेना. ते मरू लागले. मग तिथल्या लोकांनी बदकवेल उपटून मूळची रानवेल लावण्याची मोहीम काढली. लाखो वर्षांची सवय असलेल्या जिभेला जिथे दोन बहिणी ओळखता आल्या नाहीत, तिथे वाळलेल्या पुडीवरून आपण ओळखू असे म्हणणे धाडसाचेच आहे.

म्हणून कुंपणाला वेल लावायची असेल तर बदकवेल न लावता सापसंद लावा. आमच्या युनियनच्या कचेरीमागे जाळीवर एक आहे. लहान मुले जिथे खेळतात तिथे नको. हात लागला तर धुवावा, एवढी काळजी पुरे. वेलीवर काळे सुरवंट दिसले, अंगावर तांबडी बोंडे आणि कमरेला पांढरा पट्टा, तर औषध मारू नका. पाला पुन्हा येतो. बोंडे उकलली की ज्यांना हवे त्यांना बी देईन. बी पंखाचे आहे, पंख्याखाली धरले तर उडून जाते, तेव्हा येताना कागदाची पुडी आणा, आणि पुडीवर तारीख आणि पुरे नाव माझ्यासमोरच लिहून घ्या.